रक्ताला विचारलेला प्रश्न

मिरजेत आमच्या घराच्या तळमजल्यावर बाबांची रक्त-लघवी तपासणीची लॅब होती आणि ती त्यांनी एकतीस वर्षे चालवली. त्यामुळे आजार ओळखायचा म्हणजे काय करायचे, याविषयीची माझी लहानपणापासूनची समजूत फार सरळ होती. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, नमुना घ्यायचा आणि संध्याकाळी सातनंतर रिपोर्ट न्यायला यायचे. तापाने फणफणलेली दोन माणसे बाकावर शेजारी शेजारी बसलेली असत आणि दोघांचे चेहरे सारखेच दिसत. एकाला मलेरिया आहे आणि दुसऱ्याला टायफॉइड, हे बाबांना आतल्या खोलीत समजे, चेहऱ्यांवरून समजत नसे. माझ्या स्वतःच्या आजाराचे नाव ठरायला साडेतीन वर्षे लागली, तेव्हा त्या बाकाची मला वारंवार आठवण झाली.

२०१७ च्या मार्चमध्ये, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहत असताना, मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले. दोन महिने सकाळी उठवत नव्हते, कामावर एकाच ओळीकडे तासभर पाहत बसत होते आणि आईचा फोन वाजला तरी उचलावासा वाटत नव्हता. डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक छापील कागद भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत उदास किती दिवस वाटले, झोप कशी आहे, भूक कशी आहे, स्वतःविषयी वाईट वाटते का, असे ते प्रश्न होते आणि सत्तावीसपैकी माझे गुण एकोणीस आले. त्यानंतर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांसाठी रक्त घेतले. ड जीवनसत्त्व कमी होते. बाकी सारे ठीक होते. निदान नैराश्याचे झाले आणि सर्ट्रालिन ही नैराश्यविरोधी गोळी सुरू झाली. त्या डॉक्टरांचा मी आजही राग करत नाही, कारण त्यांच्यासमोर बसलेली बाई खरोखरच नैराश्यात होती. त्यांनी रक्तातून जे विचारले, त्याचे उत्तर रक्ताने बरोबर दिले. थायरॉइड मंदावल्याने उदासी आलेली नाही, एवढेच त्यातून समजण्यासारखे होते.

अडचण अशी आहे की बायपोलर आजारातले, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणाऱ्या आजारातले, नैराश्य आणि निव्वळ नैराश्य ही वरून पाहता जवळजवळ सारखी दिसतात. दोन्हींत माणूस खचतो, झोप बिघडते, रस आटतो. फरक असतो तो त्या माणसाच्या आयुष्यात पूर्वी केव्हातरी येऊन गेलेल्या चढत्या दिवसांत, म्हणजे अंगात न मावणाऱ्या उत्साहाच्या काळात, आणि त्या काळात कोणी डॉक्टरकडे जात नाही. तीव्र उन्मादात माणसाला दवाखान्यात न्यावेच लागते, पण माझ्यासारख्यांचा सौम्य उन्माद, ज्याची व्याख्या सलग किमान चार दिवस टिकणारी वाढलेली मनःस्थिती आणि ऊर्जा अशी केली जाते, तो घरच्यांना हुशारी वाटतो आणि स्वतःला तर आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस वाटतात. म्हणून बायपोलर असलेली पुष्कळ माणसे नैराश्याचे रुग्ण म्हणूनच वर्षानुवर्षे उपचार घेत राहतात. यात धोका हा आहे की मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड न देता केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली, तर काही रुग्णांची मनःस्थिती उलट वर फेकली जाते.

माझे तेच झाले, पण ते तेव्हा कोणालाच ओळखता आले नाही. सर्ट्रालिनच्या दुसऱ्या महिन्यात मी चार तासांच्या झोपेवर टवटवीत राहू लागले, स्वयंपाकघराच्या भिंती एका रात्रीत रंगवल्या, कार्यालयात तीन माणसांचे काम अंगावर घेतले आणि आईला रोज दोनदा फोन करू लागले. डॉक्टरांना मी सांगितले, “खूप बरे वाटते आहे,” आणि त्यांनी समाधानाने तशी नोंद केली. पाच आठवड्यांनी मी पुन्हा अंथरुणाला खिळले, या वेळी आधीपेक्षा खोल. गोळी बदलली, मात्रा वाढली, पुन्हा बदलली. असे अडीच वर्षे चालले.

२०१९ च्या शरदात केंब्रिज विद्यापीठाच्या एका अभ्यासाची जाहिरात फेसबुकवर माझ्या पाहण्यात आली. त्याचे नाव डेल्टा स्टडी होते. उदास मनःस्थितीने त्रस्त असलेल्या प्रौढांनी घरबसल्या एक सविस्तर प्रश्नावली भरायची होती आणि निवडक सहभागींनी बोटातल्या रक्ताचा नमुना टपालाने पाठवायचा होता. बायपोलर आणि नैराश्य यांत फरक करणाऱ्या खुणा रक्तात सापडतात का, हे शोधायचे होते. मी नाव नोंदवले ते केवळ ‘रक्ताचा नमुना’ हे शब्द वाचून, हे कबूल करायला हवे. मला कोणीतरी संध्याकाळी सातनंतर रिपोर्ट न्यायला बोलवावे, एवढीच माझी इच्छा होती.

प्रश्नावलीत सहाशेहून अधिक प्रश्न होते, पण उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलत असल्यामुळे सगळे प्रत्येकाला येत नसत. मी ती दोन बैठकींत पूर्ण केली. उदासीविषयीचे प्रश्न ओळखीचे होते आणि त्यांची उत्तरे मी सरावाने दिली. मग उत्साहाविषयीचा भाग आला. नेहमीपेक्षा पुष्कळ कमी झोपूनही थकवा न जाणवण्याचे दिवस कधी आले होते का, विचार इतके वेगाने धावत की बोलणे मागे पडावे असे कधी झाले होते का, एरवी केला नसता असा खर्च केला होता का, अशा आशयाचे ते प्रश्न होते. मी हात आखडून बसले. अडीच वर्षांत, चार डॉक्टरांच्या खोल्यांत, हे मला एकदाही विचारले गेले नव्हते, आणि ते सांगण्यासारखे काही आहे असे माझ्याही मनात आले नव्हते.

काही दिवसांनी लिफाफा आला. आत जाड शोषक कागदाचे एक कार्ड, त्यावर छापलेली वर्तुळे, बोटात टोचायच्या लहान सुया आणि परतीचे पाकीट होते. हे कार्ड मी ओळखत होते. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जन्मजात दोष तपासण्यासाठी १९६० च्या दशकापासून असाच कागद वापरला जातो. बाबांनी मला लहानपणी शिकवलेले सगळे मी केले. हात कोमट पाण्याखाली धरला, दंड खाली सोडून बोटाकडे रक्त उतरू दिले, बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचले, पहिला थेंब पुसून टाकला आणि बोट न पिळता दुसरा थेंब आपसूक मोठा होऊ दिला. पिळले की पेशींबाहेरचे पाणी मिसळते आणि नमुना पातळ होतो. थेंब वर्तुळाच्या मध्यावर टेकवला आणि तो कागदात पसरत कडेपर्यंत गेलेला पाहिला. सगळी वर्तुळे भरल्यावर कार्ड खिडकीच्या आडव्या फळीवर, उन्हापासून दूर, वाळत ठेवले. लाल रंग हळूहळू विटकरी झाला. त्या रात्री मला जितकी शांत झोप लागली तितकी कित्येक महिन्यांत लागली नव्हती, कारण जे काही माझ्यात आहे ते आता माझ्याबाहेर, एका कागदावर आहे, असे मला वाटत होते.

बाबांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी लॅबवाल्याचे प्रश्न विचारले. “वाळलेल्या ठिपक्यातून काय मोजणार आहेत?” मी वाचलेले सांगितले. ठिपक्यातून एक लहानशी चकती कापून द्रावणात भिजवतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राने त्यातले रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतात, त्यात चरबीचे रेणू येतात, अमिनो आम्ले येतात, असे सहाशेहून अधिक पदार्थ येतात. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बाळा, मोजणं यंत्र करील. पण या माणसाला बायपोलर आहे आणि त्याला नाही, हे त्यांना आधी कशावरून कळणार? जुळवून बघायला हातात काहीतरी पक्कं लागतं.”

त्या प्रश्नाचे उत्तर २०२० च्या जानेवारीत फोनवरून आले. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या ठरावीक पद्धतीनुसार घेतली जाणारी ती निदानात्मक मुलाखत होती आणि रक्तातल्या खुणा याच मुलाखतीच्या निष्कर्षाशी ताडून पाहिल्या जाणार होत्या. म्हणजे सोने ज्या दगडावर घासून पाहायचे तो दगड पुन्हा माणसाचे बोलणेच होते. हे लक्षात आले तेव्हा मला फसल्यासारखे वाटले. नंतर मात्र मुलाखतीतल्या प्रत्येक शब्दाकडे मी वेगळ्या गांभीर्याने पाहू लागले.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी संथ आवाजात विचारले की कित्येक दिवस सलग टिकलेला, नेहमीपेक्षा वेगळा उत्साह किंवा चिडचिड आयुष्यात कधी अनुभवली आहे का. मी आधी नाही म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या भिंती आठवल्या. मग त्याहून मागचे, २०१३ चे, धाकट्या बहिणीचे लग्न आठवले. मी त्यांना थांबवून म्हटले, “मला आईला विचारावे लागेल,” आणि पुढच्या भागासाठी दुसरा दिवस ठरवून घेतला.

आईला लग्नातले सगळे लख्ख आठवत होते. तीनशे पत्रिकांवरची नावे मी दोन रात्रींत लिहिली होती, रुखवताचे सगळे सामान एकटीने केले होते, दहा-अकरा दिवस तीन तासांपेक्षा जास्त झोपले नव्हते, सराफाकडे न विचारता बहिणीसाठी दुसरा हार नोंदवला होता आणि मांडवात केटररशी इतके भांडले होते की मामांनी मला बाजूला नेले. आई म्हणाली, “अगं, लग्नघरात कोण झोपतं? आम्हाला तर कौतुकच वाटलं तुझं.” आणि लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी जी झोपले ती दोन महिने उठले नाही, हेही तिनेच सांगितले, दमणूक म्हणून सर्वांनी ते सोडून दिले होते.

फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच बसले होते आणि आई बोलायची थांबल्यावर ते म्हणाले, “आक्काचं असंच होतं.” आक्का म्हणजे माझी मोठी आत्या, मी पाच वर्षांची असताना ती गेली. ती ‘आजारी असायची’, एवढेच आम्हा मुलींना ठाऊक होते. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले की आक्का काही महिने अंधाऱ्या खोलीत पडून असे आणि मग एकदम उठून घरातली भांडी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकी, रात्रभर गात बसे, पायी नरसोबाच्या वाडीला निघे. तिला शेवटी दवाखान्यात दाखल केले होते आणि लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध दिले होते. “तिचे लिथियमचे नमुने मीच काढत होतो,” बाबा म्हणाले. पुढे त्यांना बोलता आले नाही. एकतीस वर्षे गावाचे रक्त तपासणाऱ्या माणसाने माझ्या निदानाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट मुलींच्या लग्नाच्या काळजीने मनात कोंडून ठेवली होती, आणि त्याचे त्यांना किती ओझे झाले होते ते मला त्या शांततेत ऐकू आले. जवळच्या नात्यात बायपोलर असणे हे निदानाच्या वाटेवरचे फार मोठे चिन्ह मानले जाते. प्रश्न विचारणारा भेटला तरच ते उघड होते.

मुलाखत संशोधनासाठी होती, उपचारासाठी नव्हती. म्हणून मी सगळे तारीखवार दोन पानांवर लिहिले आणि ती पाने डॉक्टरांना देऊन मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती केली. टाळेबंदीमुळे ती भेट ऑगस्टपर्यंत लांबली आणि व्हिडिओवर झाली. त्यांनी माझी पाने दोनदा वाचली, आईशी बोलायचे आहे म्हणाले, आणि मी दुभाषा होऊन त्यांचे बोलणे करून दिले. मग दुसऱ्या प्रकारच्या (टाइप २) बायपोलर विकाराचे, म्हणजे ज्यात उन्माद सौम्यच असतो त्याचे, निदान सांगितले. मी विचारले, “रक्ताची काही चाचणी?” ते म्हणाले की निदानासाठी अशी चाचणी आज त्यांच्या हातात नाही, पण औषधासाठी मात्र तुमचे रक्त वारंवार लागणार आहे.

नैराश्यविरोधी गोळी त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद झाली आणि सप्टेंबरमध्ये लिथियम सुरू झाले. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचे, आधी दर आठवड्याला, पातळी स्थिरावल्यावर वर्षभर दर तीन महिन्यांनी, शिवाय मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. पातळी ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटर राहावी असे ठरले. उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते, म्हणून जुलाब झाले, पाणी कमी पडले किंवा दुखण्यावर आयबुप्रोफेन घेतले तरी ती वर जाऊ शकते, हे मला पाठ झाले आहे.

डेल्टा स्टडीच्या रक्ताचे निष्कर्ष २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. याकुब टोमासिक आणि सबीन बान यांच्या गटाचा तो लेख मी बाबांसोबत, व्हिडिओ कॉलवर, ओळ न् ओळ वाचला. गेल्या पाच वर्षांत नैराश्याचे निदान झालेल्या २४१ जणांचे वाळलेले रक्त त्यांनी तपासले होते आणि त्यांपैकी ६७ जणांना मुलाखतीनंतर प्रत्यक्षात बायपोलर असल्याचे आढळले होते. नैराश्याचे रुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्या चारांतल्या एकाहून अधिक माणसे माझ्यासारखी होती, हे वाचून मी थांबले आणि पुढचे वाचायला मला थोडा वेळ लागला. सतरा रेणूंचा संच दोन गटांत फरक दाखवत होता आणि त्यांत सर्वांत ठळक होते सेरामाइड जातीचे एक मेद, जे पेशींच्या आवरणात असते.

बाबांनी चष्मा पुसून विचारले, “किती वेळा बरोबर?” लेखातला आकडा ०.७१ होता. त्याचा अर्थ मी त्यांना असा सांगितला: बायपोलर असलेला एक आणि नसलेला एक अशा शंभर जोड्या घेतल्या, तर सुमारे ७१ जोड्यांत चाचणी बायपोलर असलेल्याला वरचे गुण देते, नाणे उडवले असते तर पन्नास जोड्यांत दिले असते. संशोधकांच्या म्हणण्यानुसार केवळ रक्तावरून बायपोलरच्या सुमारे तीस टक्के रुग्णांपर्यंत ओळख पटू शकते, आणि प्रश्नावलीच्या जोडीने चाचणीची उपयुक्तता वाढते, विशेषतः जिथे निदान धूसर आहे तिथे. या खुणांचा संबंध आयुष्यभरात अनुभवलेल्या उन्मादाच्या लक्षणांशी अधिक होता. रक्तातही त्या अंगात न मावलेल्या दिवसांचीच काही आठवण राहत असावी, असे मला वाचताना वाटले. हा माझा विचार आहे, त्यांचा निष्कर्ष नव्हे.

बाबांना पडताळणीची संख्या खुपली. नव्या ३० जणांवर ती झाली होती. “तीसांवर मी नवीन किटसुद्धा लॅबमध्ये चालू केलं नसतं,” ते म्हणाले. त्यांचा दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. सगळे नमुने ब्रिटनमधले आहेत आणि मोजलेले रेणू चयापचयाचे आहेत, ज्यांच्यावर आहार, वजन, औषधे या सगळ्यांचा परिणाम होतो. तेव्हा मिरजेच्या माणसांसाठी मिरजेच्या माणसांचेच रक्त तपासून सीमा ठरवाव्या लागतील. या वाटेवर इतरही चालत आहेत. फ्रान्समधल्या एका गटाने रक्तातल्या आरएनएमध्ये होणाऱ्या सूक्ष्म बदलांवरून हाच भेद करण्याची पद्धत २०२२ मध्ये मांडली. मला अशी चाचणी हवी आहे, मनापासून हवी आहे. २०१७ च्या त्या मार्चमध्ये, पहिली गोळी लिहून देण्याआधी, एका कार्डाने डॉक्टरांच्या मनात नुसती शंका उभी केली असती आणि त्यांनी “कधी फार उत्साहाचे दिवस आले होते का?” एवढे विचारले असते, तरी मी साडेतीन वर्षे वाचवली असती. चाचणीचे काम मी आता तेवढेच समजते. तिने प्रश्न विचारायला लावावा; उत्तर आईकडे होते, बाबांकडे होते.

गेल्या महिन्यात नमुना दिला. पातळी ०.७ आली. संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांच्याकडे लॅबमधली एक जुनी लांबट वही आहे आणि तिच्यात त्यांनी माझ्यासाठी रकाने आखले आहेत. त्यांनी आकडा लिहून घेतला, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन विचारले, थायरॉइडसाठी टीएसएच विचारला. मग नेहमीप्रमाणे फोन आईकडे दिला आणि तिने शेवटच्या रकान्यासाठी विचारले, “या आठवड्यात किती तास झोपलीस ते एकेका दिवसाचं सांग.”